काट्यांचे खरेखोटे

वाचकहो, घरातले मूल तापले असे वाटले की आपण प्रथम त्याच्या कपाळाला हात लावतो आणि मग थर्मामीटर काढतो. समजा, थर्मामीटरचा पारा १०४ वर गेला, पण मूल मात्र हसतखेळत आहे आणि अंग गार आहे, तर आपण काय करू? थर्मामीटर झटकून पुन्हा लावू. शेजाऱ्यांकडचा मागून आणू. मुलाला शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात नेण्याचा विचार कोणाच्याही मनात येणार नाही. मात्र मोटारीच्या बाबतीत, विशेषतः जुन्या मोटारीच्या बाबतीत, पुष्कळ शहाणी माणसे नेमका हाच प्रकार करतात. काटा लाल खुणेवर गेला की इंजिन खोलायला निघतात; काट्याची परीक्षा कोणी घेत नाही.

आपणांपैकी कित्येकांच्या घरी, इंदुरास असो, बडोद्यास असो की बेळगावास, अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी अँबॅसडर किंवा फियाट उभी असेल. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडर निघणे २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने २०२३ साली निरोप घेतला. अशा गाड्या पुन्हा चालत्या करण्याची हौस आता घरोघरी दिसू लागली आहे. म्हणून पुढे सांगतो ती हकीकत परदेशातली असली, तरी ती आपल्याही अंगणातली समजावी.

माझे सारे आयुष्य राज्य परिवहनाच्या दापोडीच्या कार्यशाळेत गाड्यांच्या वायरिंगचे काम करण्यात गेले. निवृत्तीनंतर आम्ही उभयता वर्षातले काही महिने इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे मुलाकडे राहतो. २०२२ सालच्या उन्हाळ्यात तेथील शेजारच्या बाईंनी मला हाक मारली. त्यांचे यजमान तरुणपणी याच गावातल्या कॅनलीच्या कारखान्यात ट्रायम्फ मोटारी बांधण्याच्या कामावर होते. उतारवयात त्यांनी 'स्पिटफायर मार्क ३' जातीची एक मोडकी गाडी विकत घेतली. १९६७ ते १९७० या काळात निघालेली ही दोन आसनांची छोटी गाडी. सहा वर्षे खपून त्यांनी ती उभी केली, आणि रस्त्यावर आणण्यापूर्वीच ते निवर्तले.

या गाडीचे आपल्या देशाशीही थोडे नाते आहे. तिचा सांगाडा ज्या 'हेराल्ड' गाडीवरून घेतला, तीच हेराल्ड मद्रास येथे १९६१ पासून 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने तयार होत असे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना ती आठवत असेल.

बाईंची अडचण अशी होती. गाडी सुरू करून दहा मिनिटे झाली की तापमानाचा काटा अगदी टोकाला जाऊन टेके. एका दुरुस्तीवाल्याने इंजिनाचे हेड गॅस्केट गेल्याचे सांगून इंजिन खोलण्याचा खर्चही कळविला होता. तो आकडा बाईंच्या पेन्शनीला झेपणारा नव्हता. त्यातच एकदा पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवीत असताना गाडी भर पावसात बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत निघाली. "आता मी ती विकून टाकणार," त्या मला म्हणाल्या. "मला तिची भीती वाटू लागली आहे, आणि भीती वाटते त्या वस्तूत त्यांची आठवण ठेवणे मला नको वाटते." गिऱ्हाईक रविवारी यायचे होते आणि तो दिवस होता गुरुवार.

माझा चौदा वर्षांचा नातू बरोबर होता. गाडीकडे पाहून त्याने विचारले, "आजोबा, दोन्ही काटे एकदमच कसे खोटे बोलतील?"

वाचकहो, पोराने विचारलेला हा प्रश्न म्हणजे या विद्येचे पहिले सूत्रच समजा. काटा एकच बिघडला असेल, तर दोष त्याच्या स्वतःच्या वाटेवर शोधावा. दोन्ही काटे एकाच दिशेने चुकत असतील, तर त्या दोघांना सामाईक असे काय आहे ते शोधावे. पेट्रोलची टाकी आसनांच्या मागे आणि तापमानाचा संवेदक पुढे इंजिनावर. या दोन टोकांना एकाच वेळी सारखाच आजार होणे कठीण. मात्र दोघांना वीज पुरविणारी जागा एकच असते.

पण त्याआधी रोग्याला हात लावून पाहणे आवश्यक होते. मुलाकडे दुरूनच पृष्ठभागाचे तापमान सांगणारे पिस्तुलासारखे यंत्र होते. गाडी सुरू केली, काटा टोकाला जाऊ दिला आणि थर्मोस्टॅटच्या घरावर ते यंत्र रोखले. ८४ अंश सेल्सियस! म्हणजे निरोगी इंजिनाचेच तापमान. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना मुळीच उघडू नये. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना ते उघडले. पाणी पुरेसे होते, त्यावर तेलाचा तवंग नव्हता. मग टाकीत मोजून १० लिटर पेट्रोल घातले. टाकी सुमारे ३७ लिटरांची, तेव्हा काटा पाव खुणेच्या जरा वर हवा. तो अर्ध्यावर जाऊन थांबला. दोन्ही काटे जास्तच दाखवीत होते, हे आता निश्चित झाले.

असे का होते, हे समजण्यासाठी त्या काट्यांची रचना ध्यानी घेतली पाहिजे. त्या काळच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत काट्यामागे दोन धातूंची एकजीव केलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून वीज गेली की ती तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच किल्ली फिरविल्यावर असा काटा झटकन न उडता सावकाश वर चढतो. टाकीत तरंगणारा गोळा असतो. टाकी भरलेली असता त्याच्या मार्गातला रोध सुमारे २० ओहम, रिकामी असता सुमारे २५० ओहम. रोध कमी झाला की वीज अधिक वाहते आणि काटा वर जातो. इंजिनावरच्या संवेदकाचेही तसेच. उष्णता वाढते तसा त्याचा रोध घटतो.

परंतु येथे एक अडचण येते. गाडीचा विजेचा दाब कधी १२ व्होल्ट, तर इंजिन चालू असता साडेतेरा-चौदा असतो. दाब बदलला की काटाही हलणार. म्हणून दोन्ही काट्यांच्या आधी एक लहानशी डबी बसविलेली असते. तिचे नाव व्होल्टेज स्टॅबिलायझर. आपल्याकडे फ्रिजशेजारी भिंतीवर असते, तिचीच ही धाकटी बहीण म्हणा. तिच्याही पोटात तापणारी पट्टी असते. ती तापली की वीज तोडते, निवली की जोडते, आणि अशा उघडझापीतून काट्यांना सरासरी १० व्होल्ट मिळतात. मात्र पट्टी तापण्यासाठी डबीतून वीज गाडीच्या अंगाशी, म्हणजे अर्थशी, परत गेली पाहिजे. हा परतीचा रस्ता तुटला तर पट्टी तापत नाही, वीज कधी तुटत नाही आणि काट्यांना सारा दाब मिळत राहतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० चा वर्ग १००, साडेतेराचा सुमारे १८२. काट्यामागची उष्णता जवळजवळ दुप्पट! मग इंजिन उकळत नसताही काटा टोकाला गेला, यात नवल ते काय?

सर्व प्रथम बॅटरीची अर्थकडची पकड सोडविली. या मार्क ३ मध्ये ऋण टोक अर्थला जोडलेले आहे. त्याआधीच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत धन टोक असे, तेव्हा आपल्या गाडीत कोणते आहे ते आधी पाहून घ्यावे. फ्यूज शाबूत होता. मग डॅशबोर्डच्या मागे हात घातला. तेथे हिरवी तार किल्लीकडून वीज आणते. फिकट हिरवी स्टॅबिलायझरपासून काट्यांकडे नेते. हिरवी-काळी टाकीकडे जाते, हिरवी-निळी इंजिनाकडे, आणि निव्वळ काळी अर्थला. एकही तार सोडण्यापूर्वी नातवाला वहीत चित्र काढावयास सांगितले. मोबाइलवर छायाचित्र घेता येते हे खरे. पण हाताने काढलेले चित्र डोक्यातही राहते.

तपासणीसाठी बॅटरी पुन्हा जोडून स्टॅबिलायझरच्या काट्यांकडील टोकास टेस्ट लॅम्प लावला. तो मिणमिणावयास हवा होता. तो अखंड जळत राहिला. मग एका तारेने डबीचे अंग बॅटरीच्या अर्थ टोकाशी जोडले. काही क्षणांतच दिवा लागू-विझू लागला. डबी धडधाकट होती. तिला परतीचा रस्ताच नव्हता. ती ज्या स्क्रूने बसविली होती तो काढला, तेव्हा त्याच्या डोक्याखाली चकचकीत रंगाचा जाड थर दिसला. यजमानांनी दिसणाऱ्या भागाइतक्याच निगुतीने तो न दिसणारा पत्राही रंगविला होता, आणि रंगातून वीज जात नाही.

हे बाईंना सांगावे की नाही, याचा मी क्षणभर विचार केला. सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग हसून म्हणाल्या, "कोणी पाहणार नाही अशा ठिकाणी रंग द्यायची त्यांची खोडच होती." नातवाने पॉलिश कागदाने पैशाएवढी जागा धातू उघडा पडेपर्यंत घासली. दातेरी वायसर घालून स्क्रू आवळला, वर किंचित व्हॅसलीन लावले. किल्ली फिरविली, पेट्रोलचा काटा सावकाश चढून पाव खुणेच्या जरा वर स्थिरावला. इंजिन तापल्यावर दुसरा काटा मधोमध येऊन थांबला. खर्च काय तो एका वायसरचा. रविवारच्या गिऱ्हाइकाला बाईंनी चहा पाजून परत पाठविले.

आपल्या गाडीपुरती आणखी दोन-चार लक्षणे सांगून ठेवतो. दोन्ही काटे मेल्यासारखे पडून असतील, तर फ्यूज, वीज आणणारी तार आणि मग स्टॅबिलायझर पाहावा. एकटा पेट्रोलचा काटा सदैव 'भरलेली' दाखवीत असेल, तर टाकीकडची तार कोठेतरी पत्र्याला चिकटली असेल. सदैव 'रिकामी' दाखवीत असेल, तर ती तुटली असेल किंवा टाकीचा अर्थ गेला असेल. दिवे लावताच काटे हलत असतील, तर सामाईक अर्थ सैल आहे असे समजावे. हल्ली बाजारात स्टॅबिलायझरचा इलेक्ट्रॉनिक अवतार मिळतो आणि तो चांगलाही असतो. पण अर्थ त्यालाही लागतोच. तेव्हा नवा भाग विकत घेण्यापूर्वी जुन्याचा स्क्रू आवळून पाहावा. टाकीजवळ काम करताना मात्र ठिणगी उडू देऊ नये.

एक धोका तर याहूनही मोठा आहे. खोटे बोलणाऱ्या काट्याची माणसाला सवय होते. "आमचा काटा असाच आहे हो, लक्ष देऊ नका," हे वाक्य मी दापोडीत शेकडो वेळा ऐकले आहे; आणि अशाच गाड्या घाटात इंजिन जाळून, दोरीने ओढून आणलेल्याही पाहिल्या आहेत. काटा खोटा आहे असे एकदा मनाने घेतले, की तो खरे बोलतो त्या दिवशीही आपण ऐकत नाही.

पुढे ऑक्टोबरात बाई बहिणीकडे निघाल्या असता तापमानाचा काटा मधली खूण ओलांडून वर सरकू लागला. त्यांनी लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि आम्हांला फोन केला. रेडिएटरची खालची रबरी नळी चिरली होती. पाणी रस्त्यावर टपकत होते. नवी नळी बसवून संध्याकाळी त्या बहिणीकडे पोहोचल्याही. आणखी चार मैल गेल्या असत्या तर हेड गॅस्केट खरोखरच गेले असते. मी त्यांना विचारले, "ताबडतोब कशा थांबलात?" त्या म्हणाल्या, "आता तो काटा खोटे बोलत नाही, हे मला ठाऊक होते."