कामो नदीकाठचा फलक

जानेवारी २०२४ च्या अखेरीस क्योतोत महापौरपदाचा प्रचार सुरू होता. कामो नदीच्या पुलाजवळ सरकारी फलक उभा राहिला: क्रमांकाच्या चौकटी, प्रत्येक उमेदवाराला सारखीच जागा. आपल्याकडच्या फ्लेक्सवर नुसत्या शुभेच्छुकांनाच याहून जास्त लागते! घरोघरी जाऊन मते मागायला इथे कायद्याने बंदी. मतपत्रिकेवर बहुधा उमेदवाराचे नाव हाताने लिहायचे असते, म्हणून प्रचारगाडी रात्री आठपर्यंत नावच पुन्हा पुन्हा पुकारते. देवळांच्या या शहरात डाव्यांचे बळ जुने. त्यांच्या पाठिंब्याचे निनागावा १९५० पासून सलग २८ वर्षे प्रांताचे गव्हर्नर होते.

मी इथे कर भरते, पण परदेशी नागरिकाला मत नाही. भारतातले मत द्यायचे तर स्वतः गावी जावे लागते. तरी गाडी आली की मी खिडकी उघडते. पांढऱ्या हातमोज्यांतले हात मला पाहूनही हलतात.