राजवाड्यातली पंगत

कर्ज झाले की वाड्याच्या दर्शनी बाजूला दुकानांचे गाळे काढायचे, ही रीत केवळ आपल्या सदाशिव पेठेची नव्हे. पॅरिसच्या ‘पाले रॉयाल’चे धनी राजघराण्यातले, त्यांनीही बागेभोवती कमानी उभारून गाळे भाड्याने दिले. त्यांतल्या एकात १७८४ साली कॉफीगृह निघाले. १८२० साली ते वेफूर नावाच्या गृहस्थाने घेतले आणि ‘ग्राँ वेफूर’ म्हणून गाजले.

रंगवलेले छत, भिंतीवर आरसे, आणि एकामागून एक येणारी पक्वान्ने! आपल्या पानावर सारे एकदम. गंमत अशी, की पूर्वी फ्रेंच मेजवानीतही सारे एकदमच मांडीत. क्रमाने वाढण्याची तऱ्हा एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आली.

तिथे आग्रह नाही. शेवटी येते ते बिल, आणि त्यापुढे मराठीच्या प्राध्यापकाचा पगार लाजतो. तरी एक मानले पाहिजे. सरदारांच्या दिवाणखान्यातले जेवण तिथे पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळू लागले. आपल्या पंगतीत तूप फुकट, आग्रह उदंड. पण पाटावर बसण्याआधी जात पाहिली जाई. पैशाने उघडणारे दार अरुंद खरेच. जन्माने मिटलेले दार मात्र ठोठावताही येत नसे.

यंदा फराळाची आमंत्रणे करताना एवढे आठवावे.