स्थूल देहाचा व्यायाम

लठ्ठ माणसास व्यायामाचा उपदेश करणें यासारखें सोपें काम नाहीं, आणि आमच्या वऱ्हाडांत तर उपदेशकांची मुळींच वाण नाहीं. लग्नामुंजींत आग्रह करकरून ताटांत पुरणपोळी आणि तिजवर तुपाची धार वाढणारी मंडळीच, हात धुऊन होतांच आमच्या पोटाकडे दृष्टि टाकून, "मास्तर, आतां प्रकृतीकडे जरा पाहा," असें बजावतात. उपदेश खोटा नसतो. परंतु व्यायामास आरंभ केल्यावर पहिल्या आठवड्यांत स्थूल मनुष्यावर काय प्रसंग गुदरतो, हें सडपातळ उपदेशकास ठाऊक नसतें. म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

आम्ही आयुष्यभर अकोल्यास शाळेंत संस्कृत शिकविलें आणि निवृत्त झाल्यावर अमरावतीस चिरंजीवांकडे राहावयास आलों. रक्तांतील साखर वाढल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें. पण त्याहूनहि मनास लागलें तें हें कीं, देवपूजा आटोपून पाटावरून उठतांना नातवाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागूं लागला. तेव्हां सूनबाईंनीं पुढाकार घेऊन आमचें नांव सकाळच्या एका व्यायामवर्गांत घातलें. त्या दिवशीं आमचें वजन ९४ किलो भरलें.

अमरावती हें तर व्यायामाचें माहेरच म्हणावें. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं येथें ज्याचा पाया घातला, त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपल्या देशी खेळांचीं व व्यायामांचीं प्रात्यक्षिकें करून आलें. याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? मात्र आखाडा म्हटला कीं मनश्चक्षूंपुढें उभा राहतो तो मल्लखांबावर सरसर चढणारा शिडशिडीत मुलगा. धोतराचा कांचा सांवरीत मागच्या रांगेंत धापा टाकणारा साठीचा नवशिका त्या चित्रांत कोठेंच नसतो.

आमच्या वर्गांत वीस दंड, तीस बैठका आणि शेवटीं 'बर्पी' असा क्रम होता. बर्पी म्हणजे उभ्याचें खालीं बसावें, हात टेकून पाय मागें फेंकावे, ते पुन्हां जवळ घ्यावे व उठून उभें राहावें. या प्रकाराची कुळकथा मौजेची आहे. रॉयल बर्पी नांवाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९३० नंतरच्या दशकांत शरीराची क्षमता अजमावण्यासाठीं तो बसविला. मोजक्याच वेळां करावयाचा आणि आधीं व नंतर नाडी पाहावयाची. म्हणजे मूळची ती परीक्षा! परीक्षा हाच रोजचा अभ्यास केला तर कच्च्या विद्यार्थ्याचें काय होतें, हें कोणाहि शिक्षकास सांगावयास नको.

चौथ्या दिवशीं वर्गांतील तीन स्थूल व्यक्तींपैकीं आम्ही एकटेच उरलों. गळालेल्यांत आमच्याच आळींतील एक गृहिणी होत्या. दोन मुलांची आई, घरांत सासू-सासरे, दीर-जावा, म्हणजे सकाळचा तासभर मोकळा काढणें हेंच मोठें दिव्य. वाटेंत भेटल्या तेव्हां म्हणाल्या, "काका, गुडघे दुखतात तें सोसतें, मागचं हसणं सोसत नाहीं."

त्यांना आम्ही वहीच्या पानावर एक हिशेब मांडून दाखविला. दंड काढतांना शरीराच्या वजनाचा सुमारें दोन तृतीयांश भार हातांवर येतो. आमच्या शेजारीं जो ५४ किलोंचा मुलगा दंड काढी, त्यास दर खेपेस ३६ किलो उचलावे लागत. आम्हांस जवळजवळ ६३. त्याच्या पाठीवर ४० किलोंचें पोतें बांधून मग वीस दंड मागितले असते, तर मागच्या रांगेंतील हसूं तेथेंच विरलें असतें. दोघांचा अंक एकच, पण श्रम एकच कसे? स्थूल मनुष्य दुर्बळ आहे म्हणून खालीं पडतो असें नव्हे. त्याच्या हातीं दिलेलें ओझेंच भारी असतें.

ओझें भारी असेल तर तें कमी करावें, व्यायाम सोडूं नये. भिंतीस हात टेकून दंड काढले तर हातांवर फारच थोडा भार येतो. ओट्यावर टेकले तर त्याहून अधिक. जमिनीवर गुडघे टेकून काढले तर सुमारें निम्मा. बैठकीचेंहि तसेंच. पूर्ण खालीं बसून उठतांना गुडघ्याच्या सांध्यावर देहाच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. त्याऐवजीं मागें खुर्ची ठेवावी, हळू बसावें, हातांचा आधार न घेतां उठावें. बसतांना जितका सावकाशपणा तितकें स्नायूंना काम अधिक. बर्पी आम्ही साफ वर्ज्य केली.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं हें सारें ओळखलें होतें. चरकाचार्यांनीं स्थूलपणा घालवूं इच्छिणाऱ्यास व्यायाम सांगितला, पण तो क्रमाक्रमानें वाढविण्यास सांगितलें. सुश्रुतांनीं व्यायामाची मर्यादा निम्म्या शक्तीवर आणून ठेवली, आणि निम्मी शक्ति कशी ओळखावी याची खूणहि दिली: श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं थांबावें. आजचे शिक्षकहि नवशिक्यास, बोलतां यावें पण गातां येऊं नये इतपतच श्रम करा, असें सांगतात. आमच्या वर्गाचे शिक्षक वयानें तरुण. त्यांच्यापुढें आम्ही ही गोष्ट मांडली तेव्हां त्यांनीं मुळींच राग मानला नाहीं, उलट आमच्यासाठीं ओट्याजवळची एक बाजू मोकळी करून दिली. शिवाय ग्रीष्मांत व्यायाम आवरता घ्यावा ही शास्त्राची आज्ञा वऱ्हाडाइतकी कोठें पटणार? वैशाखांत अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांपुढें जातो, आणि चरबीच्या थराखालीं उष्णता लवकर निघत नाहीं. म्हणून त्या दिवसांत उजाडण्यापूर्वींच पंधरा मिनिटांत आटोपतों.

ओट्यास तीन पायऱ्या आहेत. आरंभीं हात ओट्यावर, मग एकेक पायरी खालीं, आणि अखेर जमिनीवर, अशी योजना ठरली. त्या गृहिणी पुन्हां येऊं लागल्या; सासूबाई आतां सकाळचा चहा स्वतः करतात असें कळलें. त्यांचे हात तिसऱ्या पायरीवर पोहोंचले आहेत. आमचे अद्याप दुसरीवरच आहेत, आणि नातू जवळ उभा राहून मोजतो. पण तो सातानंतर एकदम दहा म्हणतो, म्हणून मनांतल्या मनांत आम्हांस वेगळें मोजावें लागतें.