वऱ्हाडातून घरी

अकोला, सोमवार रात्र

ती. आई,


आधी धाकट्याच्या तापाचं. फोनवर तुम्ही "बरा आहे" एवढंच म्हणता. ताप किती होता, कधी उतरला, पेज पोटात राहिली का, ते सांगत नाही. आणि मी विचारेपर्यंत थोरली फोन हिसकावून घेते. म्हणून हे कागदावर. शाळेला सुट्टी असली तरी तिची वेणी रोज घाला, नाहीतर गुंता होऊन रडते.

गाडी भुसावळपर्यंत नीट आली, पुढे रखडली. सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी फलाटावरच्या लोखंडी बाकाला हात लावला तर चटका बसला. लॉजवाला खोलीचे आठशे घेतो, कूलरचे शंभर निराळे, आणि कूलरमध्ये पाणी आपणच बादलीने भरायचं. नळाला पाणी आज नव्हतंच.

दुपारी इथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका काकूंकडे जेवले. रोडगे केले होते. जाड दळलेल्या गव्हाची कणीक, तिचे पदर घालून गोळे वळायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वर तूप. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. एवढ्या उन्हात त्या बाईंनी अंगणात आर पेटवला होता. मी दोन खाल्ले, तिसरा त्यांनी ताटात टाकलाच. नंतर पन्हं. तुम्हाला हे जेवण फार आवडलं असतं. जेवताना त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: "लेकरं कोनापाशी ठेवली बाप्पा?" आजीपाशी म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं, मला मात्र घास जाईना.

अकोला, मंगळवार

आजचा दिवस एका कचेरीने खाल्ला. मिशनरींवरच्या लेखासाठी जुन्या दफनांची नोंदवही पाहायची होती, अर्ज लिहून नेला होता. तिथल्या माणसाने मान वर न करता "साहेब नाहीत" म्हटलं. कधी येतील? "सांगता येत नाही." जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले. शेवटी म्हणाला, "लहान पोरांच्या कबरी पाहून तुम्हाला काय मिळणार आहे?" मला त्याचा अजून राग आहे. ज्याला हा प्रश्न पडतो त्याला त्या वहीजवळ बसवू नये.

कबरस्तानात मग तशीच गेले. राखणदाराच्या बायकोने कुलूप काढलं. मोठ्या कबरींच्या मध्ये हात-दीड हाताच्या बऱ्याच आहेत, बहुतेकांवरची अक्षरं गेली आहेत. कोणाच्या, ते आता सांगता येणार नाही. मी तिथे फार वेळ थांबले नाही, धाकट्याचा ताप डोक्यात होता.

आपल्या महिला मंडळाने मला पाठवलं ते मिशनरी मडमांच्या सेवेवर लिहायला. सेवेचं पुष्कळ लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या अलायन्स मिशनचं काम इथे 1880च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. अकोल्यात राहिलेल्या जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवर 1900 साली इंग्रजीत पुस्तक काढलं. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची, आणि त्याच वर्षी फुलरबाई वारल्या. बालविवाह, विधवा, सगळं त्यात आहे. पण परक्या मुलखात, ह्या उन्हात, अंगावरचं मूल घेऊन एखादी आई दिवस कसे काढत होती, तिला रात्री दोन वाजता कोणाला हाक मारता येत होती, हे मला हवं आहे.

रमाबाई ह्यातून स्वतः गेल्या होत्या. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती आणि नवरा आधीच वारलेला. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी दोघींना जवळ केलं. त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डिनला मनोरमा आजीबाई म्हणायची. धर्ममतांवरून रमाबाई आणि जेराल्डिन यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले, तरी पोरीवरची माया तुटली नाही. 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे कामात गुंतल्या, तेव्हा मनोरमाला परत वाँटेजलाच पाठवलं. तिकडे कुवेतमध्ये एकट्या पडलेल्या आमच्या ताईलाही अशी एखादी आजीबाई भेटायला हवी. तिचा फोन आला का? मागच्या खेपेला ती बोलताना मध्येच गप्प झाली होती.

परतवाडा, गुरुवार

एस.टी.त उभी राहून आले, पाय सुजले आहेत. शकुंतला आगगाडी बंद पडल्यापासून इकडच्या लोकांना दुसरा उपायच नाही. चिखलदऱ्याला जाऊन आले, गाविलगड लांबून पाहिला. थंड वाऱ्यात दोन तास झोपले, तेवढंच अंगी लागलं.

उन्हाळ्यात मिशनरी आया मुलांना घेऊन डोंगरावर जात. नगरकडच्या आया महाबळेश्वरला, कोणी लांब कोडाईकनालला. नवरे खाली कामावर. महिना-दोन महिने निरनिराळ्या मिशनच्या बायका शेजारी शेजारी राहत. प्रार्थना, गोवर, दूध, कपडे बेतणं, सगळं एकत्र. खरी भीती पुढची होती: मूल सहा-सात वर्षांचं झालं की शिक्षणासाठी बोटीने मायदेशी पाठवायचं आणि वर्षानुवर्षं तोंड पाहायचं नाही. कोडाईकनालला 1901 साली शाळा निघाली ती ह्याच ताटातुटीवर उपाय म्हणून. तिची पहिली मुख्याध्यापिका मार्गारेट एडी, मुलाला भेटायला अमेरिकेहून आलेली आई. पुढे अरबस्तानातल्या मिशनरींची मुलंसुद्धा बोटीने त्याच शाळेत येत. ताई आज जिथे एकटी रडते, त्या किनाऱ्यावरच्या बायकांचा आधार आपल्या देशात होता. तिला हे नक्की सांगा.

एक गोष्ट मला सलते. डोंगरावरच्या त्या गोतावळ्यात मुलांना सांभाळणाऱ्या आयाबाईला जागा नव्हती. तिचं स्वतःचं लेकरू खाली गावात कोणापाशी होतं, हे कोणी लिहून ठेवलेलं मला सापडत नाही. मडमेच्या तापलेल्या मुलाला रात्रभर खांद्यावर घेणारी तीच. त्या बायकांनी एकमेकींना फार सांभाळलं, आणि ह्या एकीला बाहेर ठेवलं. मी लेखात हे लिहिणार आहे, मंडळाला आवडो न आवडो.

अमरावती, शुक्रवार रात्र

तुमचा फोन आला, ताप नाही म्हणालात, आज नीट जेवले. गिला वडा खाल्ला. वड्यावर दही आणि चटणी इतकी की वडा शोधावा लागतो. चाळीस रुपये. अंबादेवीचं देऊळ रिक्षातून जाताना दिसलं.

संध्याकाळी इथल्या चर्चच्या पाळकीणबाईंच्या घरी लहान मुलांच्या आयांची सभा होती. केरळची एक नर्स, झारखंडची शिक्षिका, बाकी इथल्या. एकीने सगळी पोरं अंगणात सांभाळली, पुढच्या वेळी दुसरी. एक गीत, छोटी प्रार्थना, मग सरळ बोलणं: रात्री कोण झोपत नाही, कोणाचं दूध आटलं, कोणाचा नवरा हात उगारतो. पाळकीणबाईंच्या वहीत बाळंतपणाच्या तारखा आहेत, आणि बाळंतिणीच्या घरी कोणत्या दिवशी कोणी डबा द्यायचा तेही. घरकामाला येणारी बाईसुद्धा मूल मांडीवर घेऊन गोलातच बसली होती. नर्सबाईला मराठी येत नाही, तिच्यासाठी सगळ्या हिंदीत बोलत होत्या.

मेरी समनर यांनी 1876 साली इंग्लंडमध्ये मदर्स युनियनचा पाया घातला, तेव्हा सगळ्या थरांतल्या बायका बोलावल्या होत्या. पहिल्या दिवशी खुद्द मेरीबाईंच्याच तोंडून शब्द फुटेना. बायकांना घरी पाठवलं आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा बोलावलं. ताईलाही पहिल्यांदा जड जाईल. कुवेतच्या इव्हँजेलिकल चर्चच्या एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या भरतात. तिने शुक्रवारी जावं, मराठी मिळालं नाही तर हिंदीत बसावं, आणि दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या आपल्या बायकांनाही हाक मारावी. त्यांची लेकरं तर इथे गावी आहेत.

आणि आई, आपल्या खालच्या मजल्यावर ती केरळची मुलगी तान्हं घेऊन राहायला आली आहे. नवरा दिवसभर बाहेर. जिन्यात भेटलं की आपण हसतो, तेवढंच. मला इथून सुटायला अजून आठवडा लागेल. माझी वाट पाहू नका, तिला ह्याच रविवारी उपासनेनंतर जेवायला बोलवा.

तुमची,
सून