दहा बोटांचं तारण

आमच्या मस्तगडात पूर्वी कपाट करायचं म्हणजे मिस्तरी महिनाभराचा पाहुणा. करवत, रंधा, पटाशी आणि तासातासाला चहा. हल्लीचा मिस्तरी पिशवीतून ड्रिल, जिगसॉ, ट्रिमर काढतो. चहा मात्र तासालाच!

आमच्या मिस्तरींना मशीनसाठी कर्ज हवं होतं. कोटेशनमध्ये पहिलंच नाव मार्बल कटरचं. म्हटलं, "मिस्तरी, कपाट लाकडाचं का फरशीचं?"

"सायेब, लाकडाचं पातं लावलं की झालं. स्वस्तात पडतंय."

स्वस्त खरंच. पण चार इंची कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. पात्यावर छापलेली मर्यादा त्याहून कमी असली, तर दात उडू शकतात. पातं प्लायमध्ये अडकलं, तर मशीनच अंगावर येतं. सर्क्युलर सॉचे फेरे निम्म्याहून कमी, शिवाय पातं लाकडाबाहेर आलं की खालचं गार्ड आपोआप मिटतं. त्याचे दात खालून वर कापतात, म्हणून प्लायची देखणी बाजू खाली ठेवायची, नाहीतर ढलप्या निघतात. हे ज्ञान मात्र मिस्तरींचंच.

आमच्या बँकेला तारण म्हणजे सोनं नाहीतर जमीन कळते. मिस्तरींचं तारण म्हणजे दहा बोटं. ती कुठल्या रकान्यात लिहायची?

कोटेशन बदललं, रक्कम वाढली, मिस्तरी कुरकुरले. अर्जावर सही करताना त्यांनी पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं. तर्जनीचं वरचं पेर मागच्याच वर्षी गेलेलं.