विसराळू यंत्र

घड्याळ बंद पडले की ते कानाशी लावावे, पंखा बंद पडला की काठीने ढोसावा आणि रेडिओ बंद पडला की त्याच्या डोक्यावर एक चापट द्यावी, एवढाच आमच्या पिढीचा यंत्रशास्त्रातील व्यासंग. या व्यासंगाच्या बळावर आम्ही आयुष्याची साठ वर्षे निर्वेध काढली. परंतु 2024 च्या मृगापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरच्या लॅपटॉपने आम्हांस जे शिकविले, ते आमच्या वाचकांपैकी कोणास तरी उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ही हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

आमचे बिऱ्हाड यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याचे. घर जुने, माणसे पुष्कळ आणि लॅपटॉप मात्र एक. तो आमच्या तीर्थरूपांनी, म्हणजे नानांनी, दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतला होता. शेवटच्या दोन-तीन वर्षांत, दृष्टी अधू झाल्यावर, ते रोज सायंकाळी त्याच्यापुढे बसून जुन्या आठवणी सांगत आणि यंत्र त्या टिपून घेई. मुर्तिजापूर–यवतमाळ या अडीच फुटी रुळावरील शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत चालले. ते पहाटे पेटविल्यावर वाफ धरावयास किती वेळ घेई, दारव्हा स्टेशनावर कापसाच्या गाठी कशा रचलेल्या असत, 1930 साली लोकनायक बापूजी अण्यांच्या नेतृत्वाखाली पुसदकडे झालेल्या जंगल सत्याग्रहाच्या ज्या गोष्टी त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितल्या त्या कोणत्या, अशी चाळीसएक निवेदने त्यात साठली होती. नाना गेल्यावर मातोश्री दर गुरुवारी दिवेलागणीनंतर ओसरीवर बसून त्यांतले एखादे ऐकत. ऐकताना त्या कधी रडत नसत. मधूनच "हे असं नव्हतं हो" म्हणून नानांची चूक मात्र काढीत.

त्या वर्षीचा वैशाख वऱ्हाडाच्या लौकिकास साजेसा तापला आणि लॅपटॉपची बॅटरी पुरीसारखी फुगली. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, वापरू तर मुळीच नये, कारण ती पेट घेण्याचा संभव असतो. ही गोष्ट आमच्या बंधूंच्या सूनबाईंस ठाऊक होती. तिने ती अलगद काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचविली. नवी सहज मिळेना. तेव्हा प्लग लावूनच यंत्र चालवावे असे ठरले. महिनाभर काही बिघडले नाही.

मृगाचा पहिला पाऊस गडगडाटासह झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने असहकार पुकारला. दिवा लागला, पंख्याची घरघर झाली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली की, ज्यावरून सुरू व्हावयाचे ते साधनच सापडत नाही. आम्ही बंद करून पुन्हा लावले. चापट देण्याचाही विचार मनात आला होता. सौभाग्यवतींच्या उपस्थितीमुळे तो आवरला. शेवटी एस. टी. ने यवतमाळ गाठले. तेथे एका दुकानातील तरुणाने काही कळा दाबून पाच मिनिटांत ते सुरू करून दिले. काय झाले होते हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. घरी येऊन प्लग लावला. यंत्र सुरळीत चालू लागले. त्याच दिवशी नानांच्या आवाजाची एक प्रत दुसरीकडे करून ठेवावी, असे सूनबाईने सुचविले होते. आम्ही "उद्या पाहू" म्हणालो. हा "उद्या" पुढे आम्हांस फार महाग पडणार होता.

19 जुलै 2024 रोजी जगभर मोठा कल्लोळ झाला. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीत केलेल्या एका सदोष दुरुस्तीमुळे सुमारे 85 लक्ष संगणक एकाएकी कोलमडले. विमाने अडली, इस्पितळांची कामे खोळंबली. नेमके दुसऱ्याच दिवशी सकाळी आमचेही यंत्र सुरू होईना. जागतिक संकटात दारव्ह्यासही वाटा मिळाला, या विचाराने आम्हांस दुःखापेक्षा अभिमानच अधिक वाटला, हे येथे कबूल केले पाहिजे. सूनबाईने तो अभिमान फार वेळ टिकू दिला नाही. "मोठे बाबा," ती म्हणाली, "ती प्रणाली मोठ्या कंपन्या वापरतात, आपल्याकडे नाही. आणि तिथे पडदा निळा झाला होता, आपला काळा आहे." लक्षण निराळे तर रोग निराळा, हे वैद्यकाचे पहिले सूत्र आम्ही विसरलो होतो.

या वेळी दुसऱ्या एका दुकानात गेलो. तेथील गृहस्थांनी यंत्र उघडूनही न पाहता निदान केले. डिस्क जुनी झाली, ती गेली. नवी घाला आणि सर्व नव्याने भरा. "मग आतले?" आम्ही विचारले. "ते जाईल," असे म्हणून त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढले. आमचा हात खिशातील पेनाकडे गेलाही होता. पण मातोश्रींस विचारल्याशिवाय सही करणे बरे वाटेना. यंत्र पिशवीत घालून परत आलो. तो गुरुवार नव्हता, तरी त्या रात्री मातोश्रींनी विचारले, "त्यांचा आवाज कधी लागेल रे?" आम्हांस उत्तर सुचले नाही. चाळीस निवेदने आमच्या एका आळसापायी जाणार, ही गोष्ट वयाच्या साठीत आईस कशी सांगावी?

सूनबाईने रात्रीच पुण्यास नवऱ्यास फोन लावला. त्याने जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो. लॅपटॉप सुरू होतो तो पायऱ्यांनी. प्रथम यंत्र आपले अवयव चाचपते. मग स्वतःच्या टिपणवहीत पाहते की, चालक प्रणाली कोणत्या डिस्कवर आहे आणि ती कोणत्या पद्धतीने वाचावयाची. त्यानंतर ती प्रणाली उचलून उभी करते. इंग्रजीत या क्रियेस बूट म्हणतात, कारण आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःस उचलण्याची ही करामत आहे. यंत्र कोणत्या पायरीवर अडते हे पाहिले की, दोष कोठे शोधावा ते कळते. दिवाच लागत नसेल तर चार्जर व प्लग पाहावे. दिवा लागून पडदा उजळत नसेल तर बाहेर जोडलेले सर्व काढावे, वीज तोडून सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी आणि पुन्हा लावावे. पडद्यावर अक्षरे येऊन डिस्क सापडत नसेल तर ती गेली असे धरण्यापूर्वी टिपणवही तपासावी. आमचे यंत्र या शेवटच्या पायरीवर अडत होते. सूनबाईने फोन कानाशी धरून बायॉसचे पान उघडले. डिस्क तेथे दिसत होती! केवळ ती वाचण्याच्या पद्धतीची एक ओळ बदलली होती. पूर्वी कोणी तरी प्रणाली भरताना कारखान्याच्या नेमाहून निराळी पद्धत ठेवली होती. टिपणवही त्या मूळ नेमावर परत गेली होती. ओळ सुधारताच यंत्र सुरू झाले.

तिने आधी काय केले असेल तर ती चाळीस निवेदने दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घेतली. रात्रीचे साडेअकरा झाले होते. एक निवेदन तिने लावून पाहिले. नानांनी घसा खाकरला आणि मातोश्री देवघरातून बाहेर आल्या.

परंतु सुरू होणे निराळे आणि बरे होणे निराळे. टिपणवही बदलते कोण? पुतण्यास तर्क करता येईना. सूनबाईने एक चाळीस पानी वही केली. तीत तारीख, हवा, वीज गेली होती काय, यंत्र सुरू झाले काय, पडद्यावर कोणती तारीख दिसली, असे रकाने आखले. भाद्रपद संपेपर्यंत आणखी चार वेळा बिघाड झाला. चारही वेळा आदल्या रात्री गडगडाट झालेला. आम्ही निर्णय देऊन टाकला की, हा दमट हवेचा परिणाम. यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवण्यापर्यंत आमची मजल गेली. सौभाग्यवतींनी तो डबा परत मागितला, म्हणून प्रयोग अपुरा राहिला.

आश्विनातील संकष्टीस आम्ही सर्व जण कळंबास चिंतामणीच्या दर्शनास गेलो. निघताना मातोश्रींनी घरातील एकूण एक प्लग काढून ठेविले. रात्री यवतमाळास आप्तांकडे मुक्काम केला. आकाश निरभ्र होते. दुसऱ्या दिवशी घरी येऊन पाहतो तो यंत्र पुन्हा अडलेले! दमट हवेचा सिद्धान्त तेथेच कोसळला. सूनबाई वही घेऊन बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "मोठे बाबा, गडगडाट झाला की आजी प्लग काढतात."

वहीतील दुसरी नोंदही तिने दाखविली. दर बिघाडाच्या वेळी पडद्यावरील तारीख एकच, यंत्राच्या जन्मकाळची, असे. मात्र दोन तास वीज गेली होती त्या दिवशी काहीच झाले नव्हते. आम्हांस एकदम माजघरातील भिंतीवरचे घड्याळ आठवले. दर आठ दिवसांनी नाना त्यास किल्ली देत. दिली नाही तर ते थांबे. लॅपटॉपचे घड्याळ व टिपणवही यांनाही अशीच एक किल्ली असते. ती म्हणजे आतील नाण्याएवढा सेल. यंत्रास बाहेरून वीज असेल किंवा मोठी बॅटरी असेल तोवर सेलावर भार पडत नाही. मातोश्री पूर्वीही वादळात प्लग काढीतच असत. पण तेव्हा मोठी बॅटरी पहारा देत होती. ती गेल्यावर सारा भार दहा वर्षांच्या म्हाताऱ्या सेलावर आला. दोन-तीन तास तो कसाबसा तग धरी. रात्रभराचा उपास त्यास सोसेना.

तर्क बरोबर असला तरी तो पडताळलाच पाहिजे, हा सूनबाईचा आग्रह. कोरड्या रात्री प्लग मुद्दाम काढून ठेविला, सकाळी बिघाड. दुसऱ्या रात्री लावून ठेविला. सकाळी सर्व ठीक. एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणून उत्तरात संदिग्धता राहिली नाही. सेल आणविला. त्याचे नाव सीआर 2032. नावातच त्याचे माप आहे, व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर, दाब तीन व्होल्ट. आमच्या यंत्रातला वायरीसकट बसतो, एवढा फरक. ज्या दुरुस्तीपायी डिस्क टाकून देण्याची पाळी आली होती, ती एका बटनासारख्या वस्तूने झाली. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. गिळल्यास तो अन्ननलिका जाळतो.

आता उरला प्रश्न मातोश्रींचा. त्यांच्याच हातून आवाज बंद होत होता, हे सांगावे की न सांगावे? घरात दोन पक्ष पडले. बंधू म्हणाले, सेल जुना झाला होता एवढेच सांगावे. ते खोटेही नाही. पण मातोश्री पडद्याआडून सर्व ऐकत होत्या. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच त्यांना गप्प करीत होते होय?" क्षणभर कोणी बोलले नाही. मग सूनबाई त्यांच्याजवळ बसली. "आजी, तुम्ही प्लग काढला नसता तर एखाद्या विजेने यंत्रच जळून गेलं असतं. मग आवाज कुठून आणला असता? तुम्ही त्यांना जपलंत."

आम्हांस वाटते, हे सांत्वनाचे शब्द नव्हते. ते निदानाचाच भाग होते. प्लग काढणे हा दोष नव्हता. आपण यंत्राची एक आधारकाठी काढून घेतली आणि दुसरी कितपत मजबूत आहे ते पाहिले नाही, हा दोष होता. आणि तो आम्हां सर्वांचा.

असो. आकाशात वीज चमकली की मातोश्री आजही उठतात आणि ओसरीवरचा प्लग काढतात. सकाळी यंत्र बिनतक्रार सुरू होते. गुरुवारी नाना बोलतात, आणि मातोश्री त्यांची चूक काढतात.