काळा पडदा

तर्कशास्त्र हा विषय आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें कॉलेजांत शिकवीत आहों. एखाद्या कार्याचें कारण कसें शोधावें, दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचें कारण असतेच असें कां समजूं नये, संशयिताला अपराधी ठरविण्यापूर्वीं कोणता पुरावा पाहिजे, हें सर्व आम्हांस तोंडपाठ आहे. परंतु पोहण्यावर व्याख्यान देणारा मनुष्य विहिरींत पडला म्हणजे त्याची जी अवस्था होते, ती आमची गेल्या उन्हाळ्यांत एका रविवारीं आमच्याच दिवाणखान्यांत झाली. ती हकीकत सांगण्यांत आमचा गौरव मुळींच नाहीं. तरी सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमचा धाकटा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षांत दोन विषयांत नापास झाला आणि घरीं येऊन बसला. वर्षभर तो घरांत होता, परंतु घरांत असूनही कोणाशीं फारसें बोलत नव्हता. 'पुढें काय?' हा प्रश्न आम्ही त्याच्या पानावर मिठाप्रमाणें नित्य वाढीत असूं, आणि तोही त्यास मिठाइतकाच स्पर्श करून 'बघतों' म्हणत असे. एके दिवशीं मात्र त्यानें आपण होऊन विषय काढला. त्याला संगणकावर हलतीं चित्रें तयार करण्याची विद्या शिकावयाची होती; त्यासाठीं ताकदवान यंत्र हवें होतें; आणि सोसायटींतील मुलांना चित्रकला शिकवून त्यानें निम्मे पैसे सांठविलेही होते. उरलेले आम्हीं दिले. बरोबर उपदेशही दिला, आणि उपदेशाची रक्कम मोठी होती.

यंत्र तयार विकत न घेतां सुटे भाग आणून घरींच जुळवावयाचें, असें त्यानें ठरविलें. ज्या कामाला जेथें जोर पाहिजे तेथें पैसा घालतां येतो, हें त्याचें म्हणणें. 'घरीं बांधलेलें यंत्र म्हणजे घरीं शिवलेला कोट' हें आमचें. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, दिवसभर हिंडून तो रात्रीं पुण्यास परतला, तेव्हां मदरबोर्डाची पेटी त्यानें तान्ह्या मुलाप्रमाणें छातीशीं धरली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच जुळणी सुरू झाली. त्यानें लोखंडी पेटींतील पितळी खुंट्यांवर मदरबोर्ड बसविला, खोबणींत प्रोसेसर ठेवला, त्यावर करड्या लेपाचा एक ठिपका देऊन पंखा आवळला. मेमरीच्या दोन पट्ट्या 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसविल्या. पॉवर सप्लायच्या तारांचा तो गुंता पाहून आम्हांस केरसुणीची आठवण झाली. परंतु चोवीस टोकांची मोठी जोडणी कोठें व प्रोसेसरसाठीं आठ टोकांची लहान कोठें, हें त्याला नीट माहीत होतें. आम्ही खुर्ची घेऊन जवळच बसलों होतों आणि अधूनमधून मदत करीत होतों. म्हणजे वेष्टनें, रबरें, मेमरीच्या खोबणीवर चिकटविलेला एक बारीक अक्षरांचा कागद, असा सर्व कचरा नखानें सोडवून टोपलींत टाकीत होतों.

अकराच्या सुमारास यंत्र उभें राहिलें. सौभाग्यवतींनीं त्यावर हळदकुंकू वाहिलें, पेढ्यांचा पुडा उघडून ठेवला, आणि मुलानें बटण दाबलें. पंखे फिरूं लागले, आंतले रंगीत दिवे लागले. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल' एवढीं अक्षरें क्षणभर तरंगलीं व मावळलीं. मग काळा पडदा. आम्ही दोन मिनिटें वाट पाहिली आणि म्हणालों, "बंद कर. कांहीं तरी जळेल."

संगणकाच्या या पहिल्या क्षणाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. बटण दाबतांच यंत्र प्रथम स्वतःचीच परीक्षा घेतें. प्रोसेसर जागा आहे काय, मेमरी ठिकाणावर आहे काय, चित्र दाखविणारें कार्ड हजर आहे काय, आणि ज्या डिस्कवरून काम सुरू करावयाचें ती सांपडते काय, हें तें पाहतें. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, त्या वेळीं ही परीक्षा उतरली कीं यंत्र एक लहानसा 'बीप' करी, आणि दोष असला तर निराळ्या आवाजांनीं तो कळवी. आतां पुष्कळ मदरबोर्डांबरोबर तो भोंगा येत नाहीं. कित्येकांवर त्याऐवजीं चार बारीक दिवे असतात, आणि परीक्षा ज्या पायरीवर असेल त्या पायरीचा दिवा जळत राहतो. आमच्या यंत्रांत मेमरीचा पिवळा दिवा जळत होता.

पिवळा दिवा पाहतांच आम्हीं निकाल देऊन टाकला. "मेमरी बिघडलेली आहे. दुकानदारानें तुला फसविलें." मुलगा म्हणाला, "बाबा, अजून तसें म्हणतां येत नाहीं." त्यावर आम्ही म्हणालों, "मग बसवितांना तूंच कांहीं मोडलें असशील." तो कांहीं बोलला नाहीं. एखाद्या वर्गांत हा युक्तिवाद कोणा विद्यार्थ्यानें केला असता, तर 'दोनच पर्याय आहेत हें कशावरून?' असें आम्हीं त्यास विचारलें असतें. दिवाणखान्यांत आम्हांस तें विचारणारा कोणी नव्हता.

यानंतरचे चार तास मुलगा कारण शोधीत होता व आम्ही त्यास घाई करीत होतों. मॉनिटर भलत्याच जोडणीकडे तर पाहत नाहीं ना, हें त्यानें प्रथम तपासलें. मग केबल मदरबोर्डाच्या मागील भोंकांत नसून ग्राफिक्स कार्डांतच आहे ना, हें पाहिलें. कारण नवख्या माणसाची ही नेहमींची चूक असून तींत बिघाड कशांतच नसतो. मग केबल बदलली. मग आठ टोकांची जोडणी काढून पुन्हां बसविली. मग मेमरीची एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खोबणींत ठेवून पाहिली. मग तीच खोबणी ठेवून दुसरी पट्टी. शेवटीं बोर्डावरील रुपयाएवढी बॅटरी काढून जुन्या नोंदी पुसल्या. प्रत्येक वेळीं तो एकच गोष्ट बदली आणि वहींत टिपून ठेवी. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत जी व्यतिरेकपद्धति सांगितली आहे, ती हीच: बाकी सर्व जसेंच्या तसें ठेवून एकच गोष्ट बदलावी, आणि परिणाम बदलला तर कारण त्या गोष्टींत शोधावें. ही पद्धति आम्हीं सत्तावीस वेळां फळ्यावर लिहिली असेल. त्या दिवशीं मात्र "दोन्ही पट्ट्या बदल, केबल बदल आणि कार्डही काढून बघ, एकदांच काय तें होऊन जाऊं दे," असें आम्ही म्हणत होतों. मुलगा शांतपणें म्हणाला, "बाबा, एका वेळीं एकच." मिलनें तरी निराळें काय म्हटलें आहे?

पण एक गोष्ट आमच्या आग्रहानें प्रत्येक वेळीं तशीच राहत होती. बटण दाबलें, पंखे फिरले, पिवळा दिवा लागला, कीं दोन मिनिटांच्या आंत आम्ही "नाहीं ना? बंद कर" म्हणत असूं आणि तो बंद करीत असे.

तीन वाजतां पानें वाढलीं. जेवतांना आम्ही परत मागण्याच्या पावतीविषयीं, फुकट गेलेल्या पैशांविषयीं, आणि ओघानें फुकट गेलेल्या वर्षाविषयीं बोललों. सौभाग्यवती सहसा मध्यें पडत नाहींत. त्या ताक वाढतां वाढतां म्हणाल्या, "तुम्हांला सगळ्यांचा निकाल लगेच हवा असतो." मुलगा अर्ध्या जेवणांतून उठला. तो रागावून गेला असें आम्हांस वाटलें. परंतु तो कचऱ्याच्या टोपलींतून सकाळचा तो बारीक अक्षरांचा कागद शोधून काढीत होता. कागद उलगडून त्यानें आमच्यापुढें ठेवला. त्यावर एक लहानसें कोष्टक होतें. नवी मेमरी बसविल्यावर पहिल्या खेपेस पडदा उजळण्यास वेळ लागेल, मेमरी जितकी मोठी तितका अधिक, कित्येक मिनिटेंही. तोंवर यंत्र बंद करूं नये. पाठ्यपुस्तक न वाचतां उत्तरें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांवर आम्ही दरवर्षीं संतापतों. येथें आम्हीं पाठ्यपुस्तक केराच्या टोपलींत टाकलें होतें.

मग त्यानें आम्हांस जें समजावून सांगितलें तें असें. मेमरीच्या डी. डी. आर. ५ या नव्या पिढीच्या पट्ट्या एकेका तारेवरून सेकंदास ६०० कोटी वेळां माहितीची देवघेव करूं शकतात. दोन संदेशांमधील अवधि इतका अल्प, कीं तेवढ्यांत प्रकाशदेखील सुमारें ५ सेंटिमीटरच पुढें जातो. म्हणून तारांच्या लांबींतील किंचित् फरकही तेथें बाधतो. कोणत्या तारेवरचा संदेश नेमका कोणत्या क्षणीं वाचावा, हें कारखान्यांत कायमचें ठरवून देतां येत नाहीं. जो प्रोसेसर, जो बोर्ड व ज्या पट्ट्या एकत्र आल्या, त्यांना तें एकमेकांच्या सहवासांतच ठरवावें लागतें. संदेश पाठवावयाचा, परत वाचावयाचा, चुकला तर क्षण अंमळ मागेंपुढें सरकवून पुन्हां वाचावयाचा, असें असंख्य वेळां चालतें. मग जें जमलें तें टिपून ठेवतात, म्हणून पुढील खेपांस वेळ लागत नाहीं. हें चाललें असतां पडद्यावर दाखविण्यासारखें यंत्रापाशीं कांहींच नसतें. आणि पट्टी काढली, बॅटरी काढली किंवा मध्येंच वीज तोडली, तर सर्व अभ्यास पहिल्यापासून. या क्रियेस इंग्रजींत 'ट्रेनिंग' म्हणतात. शब्द ऐकून आम्ही किंचित् चपापलों.

म्हणजे यंत्र मेलेलें नव्हतें, तें शिकत होतें. आणि दर दोन मिनिटांनीं आम्ही त्याची पाटी पुसत होतों. पिवळा दिवा 'मी येथें आहें' एवढेंच सांगत होता. 'मी येथें संपलों' असें आम्हीं वाचलें.

या खेपेस मुलानें सर्व भाग पुन्हां जागच्या जागीं बसविले, बटण दाबलें आणि आम्हांस म्हणाला, "आतां पंधरा मिनिटें कोणीं हात लावायचा नाहीं." आम्ही हात मांडीखालीं घेऊन बसलों. दुसरें मिनिट गेलें, चौथें गेलें. गप्प बसणें हें आमच्या व्यवसायांतील माणसास किती कठीण आहे, हें त्या वेळीं समजलें. सातव्या मिनिटास पिवळा दिवा मालवला, पांढरा लागून गेला, आणि पडदा उजळला. मुलगा ओरडला नाहीं, हंसलाही नाहीं. त्यानें फक्त एक पेढा उचलून आमच्या हातावर ठेवला. त्याची क्षमा मागावी असें मनांत आलें. परंतु सत्तावीस वर्षें बोलण्याची संवय झालेल्या माणसास नेमके तेवढेच शब्द सुचले नाहींत.

मेरी बड रो या अमेरिकन विदुषीचा एक निबंध १९७४ सालीं प्रसिद्ध झाला होता. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठीं सरासरीनें एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरें लांब व विचारपूर्वक येतात, इतकेंच नव्हे तर मंद म्हणून गणलेलीं मुलेंही बोलूं लागतात, असें तींत दाखविलें होतें. आम्हीं तो पूर्वीं वाचला होता, आणि एका चर्चासत्रांत त्यावर भाषणही केलें होतें. मागील बांकावर खालीं मान घालून बसणाऱ्या किती मुलांना आम्हीं त्या एका सेकंदांत नापास केलें असेल, याचा हिशेब त्या वेळीं मांडला नाहीं. आतां मांडवत नाहीं.

'पुढें काय?' हा प्रश्न आम्हीं त्या दिवसापासून पानावर वाढलेला नाहीं. तीन आठवड्यांनीं एका रात्रीं मुलानें आम्हांस हांक मारून दहा सेकंदांची एक चित्रमाला दाखविली. तींत टक्कल पडलेला, चष्मा लावलेला एक मनुष्य एक बटण पुन्हां पुन्हां दाबीत होता. तो कोण, हें विचारण्याचें प्रयोजन नव्हतें. सौभाग्यवती बऱ्याच वेळ हंसत होत्या, आणि वर्षानंतर प्रथमच तोही हंसला.

त्या दोन विषयांचें काय करावयाचें, तें त्यानें अद्याप सांगितलेलें नाहीं. पिवळा दिवा अजून जळत आहे. आम्ही बटणास हात लावीत नाहीं.